आमच्या संगणकाचा ताप

मनुष्यास ताप आला म्हणजे त्याच्या अंगास हात लावून तो ओळखतां येतो. घरांतील मंडळी लगेच पथ्याच्या तयारीस लागतात, डॉक्टर येऊन तापमापक लावतो, आणि तापाचें मूळ काय याचा शोध सुरू होतो. यंत्रास ताप आला म्हणजे मात्र सहसा कोणी त्याच्या अंगास हात लावीत नाहीं. तें मंद चालूं लागलें तर आपण तें म्हातारें झालें असें म्हणतों, बंद पडलें तर मेलें असें म्हणतों, आणि नवें घेण्याच्या विचारास लागतों. थांबून यंत्रास आपणांस कांहीं सांगावयाचें असेल, ही गोष्ट ध्यानांतच येत नाहीं. २०२४ सालच्या एप्रिल महिन्यांत आमच्या घरच्या संगणकास असाच ताप आला होता. त्याचें निदान कसें झालें आणि त्यास कोणता उपाय लागू पडला, ही हकीकत वार्षिकाच्या वाचकांपुढें ठेवावी, एवढ्याच हेतूनें हा लेख लिहिला आहे.

आम्ही सोलापुरास राहतों. एप्रिल व मे या दोन महिन्यांत पारा चाळीस अंश सेल्सिअसच्या पलीकडे जाणें ही येथें नवलाची गोष्ट नव्हे. शहराच्या पूर्व भागांत यंत्रमागांची दाटी आहे. चादरी आणि टॉवेल यांकरितां या गांवाचें नांव दूरवर गेलें आहे तें याच मागांमुळें. आमचें घर त्या भागांतच आहे. माझे वडील, ज्यांस आम्ही भावंडें अप्पा म्हणतों, एका कारखान्यांत जॉबर आहेत. बिघडलेल्या मागाचा दोष शोधून तो पुन्हां चालू करून देणें हें जॉबराचें काम. संगणक हा ताईचा. कापडावरील नक्षीचे आराखडे करण्याचें शिक्षण तिनें घेतलें असून घरीं बसून ती चादरींच्या नक्षी तयार करते व व्यापाऱ्यांस देते. चादरीवर मोर उमटावयाचा तर ताण्याचें कोणतें सूत कोणत्या वेळीं वर उचललें गेलें पाहिजे, हें आधीं ठरवावें लागतें. तो सारा हिशेब ती पडद्यावर चौकटी भरून मांडते. तिच्या या कामावर आमच्या घरखर्चाचा बराच भाग चालतो.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यांत हा संगणक रुसूं लागला. सकाळीं तो नीट चाले. दुपार झाली कीं मंद होई. एखादी मोठी नक्षी उघडली असतां आंतला पंखा घोंघावूं लागे, पडद्यावरील बाण अडखळत सरके, आणि आठ-दहा मिनिटांत कोणतीहि सूचना न देतां पडदा एकाएकीं काळा होई. लगेच पुन्हां चालू करावा तर दोन मिनिटांत तीच गत! एका व्यापाऱ्यास महिनाअखेर बारा नक्षी द्यावयाच्या होत्या. त्यांपैकीं पांचच पुऱ्या झाल्या होत्या.

ताईनें संगणक रिक्षांत घालून दुरुस्तीच्या एका दुकानांत नेला. तें दुकान वातानुकूलित होतें. तेथें अर्धा तास चालवूनहि तो एकदांहि बंद पडला नाहीं. तेव्हां ताईनें सांगितलेल्या लक्षणांवरून दुकानदारानें असा निर्णय दिला कीं, मदरबोर्ड मधून मधून दगा देत असावा. तो आणि प्रोसेसर दोन्ही बदलावे लागतील, आणि त्यास चौदा हजार रुपये पडतील.

चौदा हजार रुपये एकरकमी काढून देणें आमच्या घरास सोपें नव्हतें. यंत्रमागाच्या धंद्यांत ‘उचल’ हा शब्द सर्वांच्या परिचयाचा आहे. अडचणीच्या वेळीं मालकाकडून आगाऊ घेतलेली रक्कम म्हणजे उचल. ती फिटेपर्यंत कामगारास तो मालक सोडून दुसरीकडे जाणें जड जातें, आणि मजुरी वाढवून मागण्यास तोंड उरत नाहीं. अप्पांनीं तरुणपणीं अशी एक उचल घेतली होती, आणि ती फेडण्यांत त्यांचीं कांहीं वर्षें गेलीं होतीं. त्या रात्रीं जेवतांना ताई म्हणाली कीं, नक्षी घेणारा व्यापारी तिला उचल द्यावयास तयार आहे. अप्पांनीं हातांतला घास ताटांत ठेवला. कांहीं वेळानें ते म्हणाले, “पोरी, उचल घेण्याआधीं मला चार दिवस दे. संगणकांतलें मला कांहीं कळत नाहीं. पण तो बंद कसा पडतो, तें एकदां माझ्या डोळ्यांनीं पाहूं दे.”

दुसऱ्या दिवशीं दुपारीं अप्पा संगणकाजवळ स्टूल घेऊन बसले. ताईनें मोराची मोठी नक्षी उघडली. पंखा घोंघावला, बाण अडखळला, आणि नवव्या मिनिटास पडदा काळा झाला. अप्पांनीं संगणकाच्या पत्र्यास हात लावला, वास घेतला, आणि विचारलें, “थंड झाल्यावर हा पुन्हां नीट चालतो ना?” ताई म्हणाली, “हो अप्पा, तासाभरानें अगदीं नीट चालतो.” तेव्हां ते मजकडे वळून म्हणाले, “मग आंत कांहीं मोडलें आहे असें मला वाटत नाहीं. बाळ, मागावर आडवें सूत तुटलें तर माग आपोआप थांबतो. त्यासाठीं त्यांत एक लहानसा कांटा बसविलेला असतो. त्यास सूत लागलें नाहीं कीं तो माग थांबवितो. नवखा कामगार म्हणतो, माग बिघडला. जॉबर म्हणतो, माग शहाणा आहे. सूत कोठें तुटलें तें पाहा. तुमच्या या डब्यांत असा कांटा असतो का, तें शोधून काढ.”

त्या रात्रीं मीं वाचन केलें आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं आमच्या विज्ञानाच्या सरांच्या घरीं जाऊन त्यांस विचारलें. असा कांटा संगणकांत असतो, हें त्यांनीं मला समजावून दिलें. तें येथें थोडक्यांत सांगतों.

संगणकाचा प्रोसेसर म्हणजे सिलिकॉनच्या नखाएवढ्या तुकड्यावर कोरलेले विजेचे कोट्यवधि सूक्ष्म खटके होत. हे खटके दर सेकंदास असंख्य वेळां उघडतात व मिटतात, आणि प्रत्येक उघडझापीस थोडी थोडी वीज खर्च होते. ही वीज जाते कोठें? ती सर्व उष्णतेच्या रूपानें बाहेर पडते. विजेचा प्रवाह वाहतांना उष्णता कशी उत्पन्न होते, याविषयींचा नियम जूल या शास्त्रज्ञानें १८४१ सालीं प्रसिद्ध केला. दहावीच्या विद्यार्थ्यांस तो ठाऊकच आहे. ताईच्या संगणकांतील प्रोसेसर ६५ वॅटचा आहे. पूर्वीं घरोघर तारेचे साठ वॅटचे दिवे असत. असा पेटलेला दिवा हातांत धरवत नसे. जवळ जवळ तितकीच उष्णता येथें एका नखाएवढ्या जागेंतून बाहेर पडावयाची असते. म्हणून प्रोसेसरावर धातूचा एक ठोकळा दाबून बसवितात. त्यास पातळ पातळ पाती असतात. प्रोसेसरांतील उष्णता ठोकळ्यांत येते, ठोकळ्यांतून पात्यांत पसरते, आणि वरचा पंखा वारा घालून ती हवेंत उडवून लावतो. कारागीर या ठोकळ्यास हीट सिंक म्हणतात.

ही वाट कोठें अडली तर प्रोसेसर तापत जातो. पुष्कळशा प्रोसेसरांची मर्यादा शंभर अंशांच्या आसपास ठरविलेली असते. ती गांठली कीं प्रोसेसर प्रथम आपली चाल मंद करतो, म्हणजे वीज कमी खर्च होऊन उष्णता कमी निर्माण व्हावी. तेवढ्यानेंहि भागलें नाहीं, तर जळून जाण्यापेक्षां बरें म्हणून संगणक वीज तोडून बंद होतो. इंटेल कंपनीच्या २००० सालीं निघालेल्या पेंटियम ४ या प्रोसेसरांत चाल मंद करण्याची अशी योजना होती, आणि आजच्या घरगुती संगणकांत ती सर्रास असते. अप्पा म्हणत होते तो कांटा हाच! ताईचा संगणक मंद होत होता आणि बंद पडत होता, तो मोडल्यामुळें नव्हे. आपला जीव वाचविण्यासाठीं.

माग आणि संगणक यांचें नातें या दृष्टान्तापुरतेंच आहे असेंहि नाहीं. फ्रान्स देशांतील लिओं शहराच्या जाकार्ड नांवाच्या कारागिरानें १८०४ सालीं भोकें पाडलेल्या पुठ्ठ्यांवरून नक्षी विणणारा माग सिद्ध केला. तीच पुठ्ठ्यांची कल्पना पुढें इंग्लंडांत चार्लस् बॅबेज यानें आपल्या नियोजित गणकयंत्रासाठीं घेतली. तें यंत्र त्याच्या हयातींत पुरें झालें नाहीं. पण भोकांच्या पुठ्ठ्यांनीं पुढें विसाव्या शतकांत संगणकांची दीर्घकाळ सेवा केली. उष्णतेची कटकटहि जुनीच आहे. अमेरिकेंत १९४६ सालीं लोकांपुढें आलेल्या एनिॲक या संगणकांत सुमारे अठरा हजार व्हॉल्व्ह होते, त्यास सुमारे दीडशें किलोवॅट वीज लागे, आणि तो थंड ठेवण्यासाठीं मोठमोठे पंखे बसवावे लागले होते. तेव्हां आमच्या घरच्या संगणकानें ताप काढला, यांत त्यानें कुळाचा आचारच पाळला, असें म्हणावयास हरकत नाहीं.

आतां प्रश्न राहिला तो वाट कोठें अडली आहे, हा. अप्पांनीं शोधाचे दोन नियम घालून दिले. पहिला, बाहेरून आंत जावें. आधीं आंत हात घालूं नये. दुसरा, एका वेळीं एकच बोल्ट फिरवावा. दोन फिरविले तर गुण कोणत्यानें आला हें कळत नाहीं. मीं एक वही घातली. सरांनीं खोलीचें तापमान पाहण्यासाठीं एक तापमापक दिला. तो संगणकाशेजारच्या भिंतीवर टांगला. प्रोसेसरचें तापमान पडद्यावर दाखविणारा एक विनामूल्य प्रोग्रॅम मिळतो, तो ताईनें घातला. प्रत्येक वेळीं काम एकच द्यावयाचें, तें म्हणजे मोराची तीच नक्षी. आणि दहा मिनिटांनीं आंकडे लिहावयाचे, असें ठरलें.

पहिल्यानें संगणक जसा होता तसाच ठेवून मोजणी केली. पहांटे साडेपांच वाजतां खोलींत २९ अंश तापमान होतें. प्रोसेसर ९१ अंशांवर जाऊन स्थिरावला, आणि तासभर तेंच काम करूनहि संगणक बंद पडला नाहीं. दुपारीं दोन वाजतां खोलींत ३९ अंश होते. तेव्हां प्रोसेसर १०० अंशांस जाऊन भिडला, त्याची चाल ३६०० मेगाहर्ट्झवरून १२०० वर उतरली, आणि थोड्याच वेळानें संगणक बंद झाला. काम नसतांना एखादा प्रोग्रॅम आंतल्या आंत राबत असेल, अशीहि शंका होती. पण कामांची यादी उघडून पाहिली तेव्हां रिकाम्या वेळीं प्रोसेसर शेंकडा तीनच काम करीत होता. वीज पुरविणारा डबा, ज्यास दुकानदार एस्. एम्. पी. एस्. म्हणतात, त्यावरचा संशयहि बराच कमी झाला; कारण पहांटे तेंच ओझें त्यानें तासभर निमूटपणें सोसलें होतें.

वहींतील आंकड्यांकडे पाहतांना सरांनीं एक गोष्ट ध्यानांत आणून दिली. ते म्हणाले, “प्रोसेसरचें तापमान एकटें पाहूं नकोस. त्यांतून खोलीचें तापमान वजा कर.” पहांटे ९१ वजा २९, म्हणजे फरक ६२ अंशांचा. काम तेंच आणि वाट तितकीच अडलेली असेल, तर हा फरक दुपारींहि साधारण तितकाच राहणार. दुपारच्या ३९ अंशांत ६२ मिळविले तर १०१ होतात, आणि मर्यादा तर शंभराची! हें गणित मांडतांच दुकानांतील कोडेंहि उलगडलें. वातानुकूलित दुकानांत २४ अंश धरले तरी प्रोसेसर ८६ च्या पुढें जात नाहीं; मग तेथें तो बंद कसा पडावा? दुकानदारानें आम्हांस फसविलें, असें मला वाटत नाहीं. त्यानें रोग्यास थंड हवेच्या ठिकाणीं नेऊन पाहिलें, आणि रोग तर आमच्या घरच्या उन्हांत होता. रोगी ज्या हवेंत आजारी पडतो त्याच हवेंत त्यास पाहिला पाहिजे, एवढें यावरून मीं ध्यानांत ठेवलें आहे.

यानंतर उपाय सुरू झाले. संगणक टेबलाखालच्या बंद कप्प्यांत, पाठ भिंतीस चिकटवून ठेवलेला असे, आणि धूळ बसूं नये म्हणून आईनें मायेनें विणलेलें क्रोशाचें आच्छादन त्यावर सदैव असे. आम्हीं संगणक कप्प्यांतून काढून मोकळ्यावर ठेवला, भिंतीपासून हातभर दूर केला, आणि आच्छादन उतरविलें. फरक ६२ वरून ५६ वर आला. आई थोडी खट्टू झाली. पण ताईनें तिला सांगितलें कीं, आच्छादन टाकावयाचें नाहीं. काम संपवून संगणक निवाला कीं मग घालावयाचें. तेव्हांपासून तें तसेंच चालतें.

दुसऱ्या दिवशीं आंत हात घातला. प्रथम बटण बंद करून तार भिंतींतून काढून घेतली, आणि उरलीसुरली वीज जावी म्हणून चालू करण्याचें बटण थोडा वेळ दाबून धरलें. आपल्या अंगावर घर्षणाची वीज सांचलेली असते. तिनें आंतील नाजूक भागांस इजा होऊं नये म्हणून संगणकाच्या उघड्या पत्र्यास हात लावून मगच कामास आरंभ केला. आदल्या दिवशीं एक चमत्कार दिसला होता. पंखा मिनिटास २८०० फेरे घेत होता, त्याचा आवाज शेजारच्या खोलींत ऐकूं येत होता, आणि तरीहि पाठीमागच्या जाळीशीं कागदाची पट्टी धरली तर ती हलत नव्हती! पंख्याच्या आंकड्या सोडवून तो उचलला, तेव्हां कारण दिसलें. पात्यांच्या तोंडावर राखाडी रंगाची एक जाड चकती बसली होती. ती धुळीची नव्हती. सुताच्या बारीक तंतूंची होती, आणि दाबून नमद्यासारखी घट्ट झाली होती. पंखा तिच्यावर वारा आपटीत होता, पण पात्यांपर्यंत तो पोंचतच नव्हता.

अप्पांनीं ती चकती अलगद उचलून तळहातावर घेतली व उजेडांत धरली. “हें आमच्या कारखान्यांतलें सूत आहे,” ते म्हणाले. “माझ्या कपड्यांवरून घरांत येत असलें पाहिजे.” मग बराच वेळ ते कांहीं बोलले नाहींत. ताई म्हणाली, “अप्पा, इथें खिडकी उघडली तरी तेंच येतें. सगळ्या गल्लीचें आहे.” तें खरेंच होतें. तरी त्या दिवसापासून अप्पा कामावरून आले कीं अंगणांतच सदरा झटकतात, आणि मग उंबरठा ओलांडतात.

मागाचे भाग साफ करण्याचा त्यांचा मऊ कुंचला होता, त्यानें पातीं एक एक करून मोकळीं केलीं. पंखा पुसतांना तो बोटानें धरून ठेवला; कारण झोतानें भलत्याच वेगानें फिरला तर त्याचा आंस झिजतो. पुन्हां जोडून तीच नक्षी चालविली. फरक ५६ वरून ४३ वर उतरला, पंखा १७०० फेऱ्यांवरच भागवूं लागला, आणि पाठीमागें धरलेली कागदाची पट्टी फडफडली. दुपारच्या ३९ अंशांतहि आतां प्रोसेसर ८२ वर थांबत होता.

येथें आम्ही थांबलों असतों तरी चाललें असतें. पण साफ करतांना अप्पांच्या बोटांस एक गोष्ट जाणवली होती; ठोकळा एका कोपऱ्यांत किंचित् डुगडुगत होता. तो चार खुंट्यांनीं मदरबोर्डास जखडलेला असतो. त्यांतील एक खुंटी पुरती बसलेली नव्हती. ठोकळा कलला म्हणजे तो आणि प्रोसेसर यांमध्यें हवेची फट राहते. हवा ही उष्णतेची फार वाईट वाहक आहे; तांबें तिच्यापेक्षां सुमारे पंधरा हजार पट अधिक उष्णता वाहून नेतें. केसाएवढी फटहि म्हणूनच बाधते. धातूचे दोन पृष्ठभाग कितीहि गुळगुळीत दिसले तरी त्यांत सूक्ष्म खांचखळगे असतात, आणि ते भरून काढण्यासाठीं मध्यें एक मलम लावतात. त्यास थर्मल पेस्ट म्हणतात. आमचें मलम वाळून खडूसारखें झालें होतें. ताईनें अडीचशें रुपयांची एक नळी आणली. जुनें मलम स्पिरिटाच्या बोळ्यानें पुसून काढलें, तुरीच्या दाण्याएवढें नवें मधोमध ठेवलें, आणि चारी खुंट्या समोरासमोरच्या जोडीनें दाबून बसविल्या. फरक ४३ वरून ३४ वर आला. मलमाचा गुण किती आणि खुंटीचा किती, हें वेगळें सांगतां येत नाहीं; कारण ठोकळा उचलला कीं मलम नवें घालावेंच लागतें, आणि ही दोन कामें एकाच वेळीं करणें भाग पडतें. वहींत मीं त्यांची नोंद एकत्रच केली आहे.

उन्हाच्या भर दुपारीं, खोलींत ३९ अंश असतां, संगणक ७३ अंशांवर मुकाट्यानें काम करूं लागला. ताईनें उरलेल्या सात नक्षी एप्रिलच्या २९ तारखेस पुऱ्या करून दिल्या. व्यापाऱ्यानें पैसे चुकते केले आणि पुढच्या नक्षींबद्दल विचारलें. भाव ताईनें आपल्या तोंडानें सांगितला, आणि तो त्यास मान्य करावा लागला. उचल घेतली असती तर तिला तसें बोलतां आलें असतें कीं नाहीं, याची मला शंका आहे.

ज्यांस आपल्या घरीं असा प्रयोग करावयाचा असेल, त्यांच्यासाठीं दोन शब्द लिहितों. थंड असतांना, पहांटे, कांहीं काम न करतांहि संगणक बंद पडत असेल, तर दोष उष्णतेचा नसून दुसरीकडे आहे असें समजावें, आणि जाणत्यास दाखवावा. प्रत्येक बंद पडणारा संगणक तापलेलाच असतो, असें नाहीं. वीज पुरविणारा डबा कधींहि उघडूं नये. तार काढल्यावरहि त्यांत धोक्याइतकी वीज सांचून राहूं शकते. ओलें फडकें आंत नेऊं नये. घरांतील धूळ ओढणारें यंत्रहि आंत लावूं नये, कारण त्याच्या नळीच्या टोकाशीं घर्षणाची वीज सांचते. मांडीवरचा संगणक गादीवर अथवा उशीवर ठेवून चालवूं नये, त्याचीं श्वासाचीं छिद्रें खालच्या अंगास असतात. आणि त्याची बॅटरी फुगलेली दिसली तर तीस न छेडतां तात्काळ जाणत्याकडे द्यावी. लहान विद्यार्थ्यांनीं वडील माणसांस जवळ घेतल्याशिवाय यांतील कोणतेंहि काम करूं नये, हें वेगळें सांगण्याचें कारण नाहीं.

वडील माणसांविषयीं आणखी एक गोष्ट लिहावीशी वाटते. आम्हां विद्यार्थ्यांस असें वाटतें कीं, नव्या यंत्रांतलें आपल्या आईबापांस कांहीं कळत नाहीं, आणि आईबापहि तसेंच म्हणून बाजूस होतात. अप्पांस प्रोसेसर हा शब्द त्या आठवड्यापूर्वीं ठाऊक नव्हता. परंतु थांबलेल्या यंत्रापुढें शांतपणें बसावें, त्यास एका वेळीं एकच प्रश्न विचारावा, आणि उत्तर ऐकल्याखेरीज दुसरा विचारूं नये, ही विद्या त्यांजपाशीं मागावरच्या तीस वर्षांची होती. आंकडे मीं मांडले, वजाबाकी सरांनीं शिकविली, मलम ताईनें आणलें; पण शोधाची दिशा ठरली ती त्यांच्या त्या एका प्रश्नानें.

ती वही अजून चालू आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारीं मोराची तीच नक्षी दहा मिनिटें चालवून मी आंकडे लिहितों, आणि अप्पा चहा घेतां घेतां विचारतात, “आज फरक किती?” चौतीस असला तर ते मान हलवितात. जुलै महिन्यांत तो अडतीस निघाला. ते कांहीं न बोलतां उठले, आणि कोनाड्यांतला कुंचला काढून त्यांनीं माझ्या हातीं दिला.

— इयत्ता दहावींतील एक विद्यार्थी